उन्हाळ्यात घरच्या जनावरांचं पिण्याचं पाणी गार कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विदर्भातल्या खेड्यांतल्या घरांसाठी आहे. म्हणजे जिथं कुत्रं अंगणात, मांजर चुलीपाशी आणि शेळ्या-कोंबड्या मागच्या आवारात असतात, फ्रीज असला तरी लाइटचा भरवसा नसतो, आणि मे महिन्यात दुपारी बारा ते पाच गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. प्रश्न घरोघरी विचारले जातात तसेच घेतले आहेत.

तहान लागली की जनावर गरम पाणीही पितं. मग एवढा खटाटोप कशाला?

पितं, पण पोटभर पीत नाही. उन्हात तापलेल्या जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) पातेल्यातलं पाणी कुत्रं दोनदा चाटतं, तोंड फिरवतं आणि भिंतीच्या कडेला जाऊन धापा टाकत बसतं. दुपारी दोन वाजता आपल्याच अंगणात बघा.

माणसाला घाम येतो. कुत्र्या-मांजराला तो फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, तोही नावापुरता. कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नसतात. या सगळ्यांची मदार धापेवर. धाप लागते तेव्हा जिभेवरचं आणि घशातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम असते. अशा वेळी वारा लागून अंग गार होत नाही, उलट तापतं. पाणी उडवणं हा एकच रस्ता उरतो. तेवढं पाणी पोटात गेलं नाही तर धाप कामाची राहत नाही.

मग पाणी बर्फासारखं गार लागतं का?

नाही. हाताला गार लागलं म्हणजे झालं. २० ते २५ अंशांचं पाणी उत्तम, २८ चंही चालतं. ३५ च्या पुढं गेलं की कोंबड्या चोच बुडवून बाजूला होतात आणि मांजर तर जवळही येत नाही. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. आपलं मनगट पाण्यात बुडवा. कोमट लागलं तर ते पाणी झाडाला घाला आणि दुसरं भरा.

माठातलं पाणी गार होतं ते कशानं? कुत्र्याच्या भांड्यालाही तेच लागू पडतं का?

तेच, आणि विदर्भात तर ते इतर ठिकाणांहून जास्त चांगलं लागू पडतं. कच्च्या मातीत कुंभार भुसा किंवा लीद कालवतो. भट्टीत ते जळून जातं आणि मागं बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, कोरड्या हवेत उडतं आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता ओढून नेतं. एक लिटर पाणी उडायला एवढी उष्णता लागते की हिशेबानं ५५ ते ५८ लिटर पाणी १० अंशांनी उतरावं. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता आत येतच असते, त्यामुळं तेवढं साधत नाही. पण थोडं पाणी पाझरून गेलं तर हळहळू नये, ते कामावर गेलेलं असतं.

आता महत्त्वाचं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास थांबतो. माठ याच आकड्याच्या दिशेनं जातो; सावलीत आणि वाऱ्यावर असेल तर २६-२७ पर्यंत सहज येतो. मुंबईकर पाहुणे आपल्या माठाचं पाणी पिऊन चाट पडतात ते याचमुळं, त्यांच्याकडं दमट हवेत माठ सुस्तावतो. ज्या कोरड्या उन्हाला आपण रोज शिव्या घालतो, तेच आपलं फुकटचं फ्रीज आहे. फक्त त्याला ओलावा, सावली आणि वारा या तीन गोष्टी द्याव्या लागतात.

भांडं कोणतं घ्यावं?

मातीचं पसरट कुंडं. कुंभाराकडं परळ, कुंडं, झाडाची कुंडी अशा नावांनी मिळतं. झाडाच्या कुंडीला बुडाशी भोक असतं, ते आधी बघा. जाड बुडाचं आणि आतून-बाहेरून कोरं असावं. ऑइल पेंटनं रंगवलेले, चकचकीत, फुलापानांचे माठ दिसायला देखणे, पण रंगानं छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. असा माठ घेऊन लोक वर कुंभारालाच दोष देतात.

स्टील आणि जर्मन घासायला सोपं, पण ऊन लागलं की अर्ध्या तासात तापतं. ते वापरायचंच असेल तर बाहेरून ओलं कापड गुंडाळा आणि कापडाचं टोक खाली पाण्याच्या ताटात सोडा, म्हणजे ते पाणी वर ओढत राहतं. प्लॅस्टिकचं टमरेल शेवटच्या पसंतीचं. त्याला चरे पडतात, चऱ्यांत बुळबुळीत थर धरतो आणि तो विसळून जात नाही. सिमेंटचं टाकं गाई-म्हशींसाठी ठीक; बाहेरून चुना मारला की ऊन परतवतं.

एक गोष्ट मात्र कधीच नको: फवारणीच्या औषधाचा डबा किंवा ड्रम. कितीही धुतला तरी नको. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. त्या डब्यातलं पाणी जनावराला पाजण्याचा विचारही करू नये.

नवं कुंडं आणल्या आणल्या वापरता येतं का?

रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी फेका, पुन्हा भरा. दोन-तीन दिवस मातीचा वास येतो, तेवढ्यात मांजर नाक मुरडेल, कुत्र्याला फरक पडत नाही. साबण लावू नका. माती साबण पिते आणि तो मग पाण्यात उतरतो. नारळाच्या काथ्यानं घासायचं, कडकडीत पाण्यानं विसळायचं, थोडा वेळ उन्हात पालथं घालायचं.

आमच्याकडं खारं पाणी आहे. माठ महिनाभरात गार करणं सोडतो. काय करावं?

हा प्रश्न अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून, पूर्णेच्या काठाकाठानं येतो आणि त्याचं उत्तर माठाच्या पोटाकडं बघितलं की कळतं. बाहेरच्या अंगावर पांढरी, खरखरीत पूड चढते. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि छिद्रं बुजवतात. बोटानं खरवडलं तर नखात पीठ भरतं.

पूड वाळली की कोरड्या काथ्यानं झाडा आणि मगच पाणी लावा. आधी ओली केली तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. मग चिंचेच्या कोळात घासा, स्वच्छ पाण्यात रात्रभर बुडवा. यानं महिना-पंधरा दिवस निभावतात, कायमचा इलाज नव्हे. खारपाणपट्ट्यात एका उन्हाळ्यात दोन कुंडी लागणार हे धरून चाला. कुंडं महाग नसतं, कुंभाराशी घासाघीस करू नका.

दुसरा उपाय रेतीचा. जुना, काठ फुटलेला मोठा माठ घ्या, तळाला चार बोटं रेती घाला, मधोमध स्टीलचं पातेलं ठेवा आणि सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं जाडीची नदीची रेती भरा. खारं पाणी रेतीला द्यायचं, पिण्याचं गोडं पाणी पातेल्यात. रेती ओली आहे तोवर पातेलं गार. क्षार बसतील ते बाहेरच्या फुटक्या माठावर बसतील, पिण्याच्या पाण्याला त्यांचा संबंध नाही. आफ्रिकेत हीच युक्ती भाजीपाला टिकवायला वापरतात. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी मडक्यात मडकं ठेवून ती गावोगाव पोचवली आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. रेती सकाळ-संध्याकाळ भिजवावी लागते. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी एकदा आणखी.

भांडं कुठं ठेवायचं?

यावर खरं तर पहिल्यांदा बोलायला हवं, कारण जागा चुकली तर कोणतंही भांडं कामाचं नाही. टिनाच्या पडवीखाली ठेवू नका. टिन तापतं आणि खाली सावली असली तरी भट्टीगत झळ येते. कवेलूचं (कौलांचं) छप्पर त्याहून बरं, कडुनिंबाची सावली सगळ्यांत बरी. झाड स्वतःच पाणी उडवत असतं. घराच्या उत्तरेच्या भिंतीला दिवसभर सावली राहते असं म्हणतात, ते हिवाळ्यात खरं. मे-जूनमध्ये सूर्य इतका उत्तरेकडं उगवतो-मावळतो की सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीलाही तिरपं ऊन लागतं. म्हणून एक दिवस सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता सावली कुठं सरकते ते बघा, मगच जागा पक्की करा.

जमिनीवर थेट नको. शेणानं सारवलेली जमीन एक वेळ ठीक, पण फरशी आणि काँक्रीट रात्री आठपर्यंत तापलेलंच असतं. दोन विटांवर किंवा तिवईवर ठेवलं की खालूनही वारा लागतो. बंद कोपऱ्यात ठेवलेला माठ गार होत नाही, त्याला वारा यायला वाट हवी. पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा (कापसाच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांचा) ताटवा पश्चिमेला उभा केला तर ऊन अडतं आणि हवाही खेळते. वर बारदाना टाकून पाणी मारलं तर आणखी उत्तम.

बारदाना म्हणजे तागाचा. युरियाची गोणी नव्हे. ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते, पाणी धरत नाही. वरून ओतलं तसं खाली निथळतं. कितीतरी अंगणांत ही गोणी माठाला गुंडाळलेली दिसते आणि उलट ती वारा अडवते.

फ्रीजचं किंवा बर्फाचं पाणी कुत्र्याला दिलं तर पोट फुगून मरतं म्हणे?

धडधाकट कुत्र्याला थंड पाण्यानं किंवा बर्फाच्या तुकड्यानं पोट फुगून मरण येतं याला आधार नाही. त्रास होतो तो घाईनं, घटाघटा पिण्यानं. मग पाणी गार असो की कोमट. उन्हातून धावून आलेल्या कुत्र्यापुढं एकदम बादली ठेवू नका. आधी वाटीभर, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा वाटीभर. बर्फाचा मोठा ढेकूळ दातानं फोडू देऊ नका, दाताचा टवका उडतो.

बर्फ वापरायचाच तर बाटलीत. लिटरची बाटली पाऊण भरून गोठवा (बर्फ होताना पाणी फुगतं, काठोकाठ भरली तर फुटते) आणि १० लिटरच्या बादलीत सोडा. त्यातला पाऊण किलो बर्फ वितळताना तेवढं पाणी साधारण ६ अंशांनी उतरवतो. ३४ चं पाणी २८ वर आलं की काम झालं. बाटली पुन्हा फ्रीजरमध्ये. पाणी वाया जात नाही, बर्फवाल्याकडच्या बर्फाच्या पाण्याची शंकाही राहत नाही.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर हात भाजतं. तेच भरावं लागतं, मग?

टाकीतलं पाणी पहाटे पाचला भरा. रात्रभरात ते बऱ्यापैकी उतरलेलं असतं. दुपारी काळ्या टाकीचा किंवा उन्हात पडलेल्या काळ्या नळीचा पहिला दोन-तीन बादल्यांचा लोंढा जनावरापुढं कधीच सोडू नये. नळीतलं पाणी खरोखर चटका देतं. ते झाडांना जाऊ द्या.

बोअरचं किंवा विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी मात्र उन्हाळ्यातही गारच असतं. जमिनीखालचं पाणी गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहतं, आपल्याकडं ते २७-२८ अंशांच्या घरात. मोटर चालू असेल तेव्हा थेट तिथूनच भरा. लाइट रात्रीची असेल तर रात्री भरून माठात झाकून ठेवा, सकाळपर्यंत ते आणखी उतरतं.

कुलरच्या टाकीतलं पाणी गार असतं, ते पाजलं तर?

नको. क्षार साचलेले, गवताचा कुजका रस उतरलेला, वर डासांच्या अळ्या. लोखंडी कुलर असेल तर गंजही. कुत्रं पिताना दिसलं तर हाकला आणि त्याच्या भांड्यातलं पाणी बदला. ते तिथं गेलं याचा अर्थ त्याचं भांडं तापलं होतं.

मांजर पाणीच पीत नाही. काय करू?

मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे. ते मुळातच थोडं पितं आणि शिकारीतल्या ओलाव्यावर भागवतं. उंदीर खाणाऱ्या मांजराची चिंता कमी. दूध-पोळीवर किंवा कोरड्या दाण्यावर असलेल्या मांजराची जास्त. पाण्याचं कुंडं जेवणाच्या ताटलीपासून लांब, शांत जागी ठेवा, बऱ्याच मांजरांना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही. पसरट भांडं घ्या, मिशा काठाला घासल्या की काही मांजरं मागं होतात. घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. पोळी पाण्यात किंवा बिनमिठाच्या मटणाच्या पाण्यात भिजवून द्या. त्या पाण्यात कांदा-लसूण नसावा, कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि दूध म्हणजे पाणी नव्हे. मोठ्या मांजरांना ते पुष्कळदा पचत नाही.

कुत्र्याला, कोंबड्यांना, शेळ्यांना दिवसाला किती पाणी लागतं?

कुत्र्याला किलोमागं ५० ते ६० मिलिलिटर हा साधा हिशेब. १५-२० किलोचं गावठी कुत्रं एरवी एक लिटरभर पितं, नवतपात दीड-दोन लिटर. पिलं पाजणारी कुत्री याहून बरीच जास्त. कोंबडी एरवी पाव लिटरच्या आतबाहेर, कडक उन्हात दुप्पट. म्हणजे १० कोंबड्यांना ५ लिटर हाताशी असावं. बेरारी शेळीला उन्हाळ्यात ५ ते ८ लिटर. गवळाऊ गाईला ४० ते ६०, दुभत्या संकरित गाईला १०० पर्यंत. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळं पाणी तुटलं की दूध आधी तुटतं.

नागपुरी म्हशीचं गणित थोडं वेगळं. काळी कातडी ऊन शोषते आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, म्हणून तिला पिण्याइतकंच अंगावर पाणी लागतं. तळं आटलं असेल तर दुपारी दोनदा तरी बादलीनं अंग भिजवा.

कोंबड्यांच्या पाण्याचं काही वेगळं करावं लागतं का?

हो, कारण घरातल्या जनावरांत आधी कोंबडी जाते. सकाळी ठीक असते, चार वाजता चोच वासून, पंख पसरून पडलेली सापडते. भांडं उथळ हवं, पिलं बुडू नयेत म्हणून आत खडे टाकायचे. दहा-बारा कोंबड्यांमागं दोन भांडी, नाहीतर दांडगा कोंबडा एकट्यानं जागा अडवतो. दुपारी अकरा आणि दोन वाजता पाणी बदलायचं. पोटात दाणा पचताना उष्णता तयार होते, म्हणून दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर, भर दुपारी नको. गुळाचं पाणी द्यायचं तर तासा-दोन तासांत संपेल एवढंच. त्याच्या पुढं ते आंबतं. दुकानात मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे चालते, पण एखादं भांडं नेहमी साध्या पाण्याचं असू द्या.

आम्ही दिवसभर शेतावर असतो. घरी पाणी बदलायला कोणी नसतं.

मग एका मोठ्या भांड्यावर विसंबू नका. एक सांडलं, एकात कावळ्यानं घाण केली, एक उन्हात आलं, तरी चौथं उरावं. तोटी असलेला माठ तिवईवर ठेवून तोटी किंचित ढिली सोडा आणि खाली कुंडं ठेवा. थेंब-थेंब पाणी पडत राहतं, कुंडं भरलेलं राहतं, सांडलेल्या पाण्यानं खालची माती ओली राहते आणि कुत्रं त्याच ओल्या मातीत पोट टेकून झोपतं. तोटी किती ढिली ठेवायची हे एका सुट्टीच्या दिवशी बघून ठरवा. बुड जड असावं. नाहीतर कोंबडी काठावर बसली की उलटतं.

बांधलेलं कुत्रं असेल तर साखळी कुठवर पोचते आणि चार वाजता सावली कुठं असते, दोन्ही बघा. पाण्यापर्यंत साखळी न पुरल्यानं गेलेली कुत्री ऐकिवात आहेत. खरं म्हणजे नवतपात कुत्रं बांधून शेतावर जाऊच नये.

पाण्यात मीठ-साखर घालावी का? ताक चालतं का?

रोजच्या पाण्यात काही घालू नका. मीठ जास्त झालं तर तहान आणि धोका दोन्ही वाढतात, आणि खारपाणपट्ट्यात तर ते आधीच पाण्यात असतं. शेळ्या-गाईंना मीठ हवं तर चाटण वीट टांगा, त्या गरजेपुरतं चाटतात. कुत्र्याला पातळ, बिनमसाल्याचं ताक वाटीभर चालतं, बहुतेकांना पचतं. कांदा, मिरची, फोडणी असलेलं नको.

पाणी साठवलं की डास होतात. ग्रामपंचायतीवाले ओरडतात.

बरोबर ओरडतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, कड घासायला हवी. पिण्याचं पाणी रोज बदलतं तिथं हा प्रश्न येतच नाही; येतो तो मोठ्या टाक्यांत आणि रेतीच्या मडक्यांत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून वाळवा. टाक्यात हिरवट-निळा थर दिसला तर ते पाणी जनावराला देऊ नका, त्यातली काही शेवाळं जनावराला विषारी असतात.

ओलाव्याला विंचूही येतो. माठाखालची वीट उचलताना हात आधी घालू नका, काडीनं सरकवा. मधमाश्या आल्या तर एका वेगळ्या उथळ परळात काड्या-खडे टाकून बाजूला ठेवा, त्या तिकडं वळतात. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीसारख्या जंगलालगतच्या गावांत रात्री कुत्र्याला पाण्याजवळ उघड्यावर बांधू नका. बिबट कुत्र्यासाठी गावात शिरतो.

दारात चिमण्या-पाखरांसाठी ठेवलेलं पाणीही गार लागतं का?

सावलीत, झाडाला टांगलेलं मातीचं परळ पुरतं. रोज घासा, पाखरांच्या विष्ठेनं रोग पसरतात. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाणपोईच्या मागं एक जड सिमेंटचं कुंडं ठेवलं तर गावाला त्रास नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाचं विचाराल तर त्याच्या पाण्याआधी त्याचा पिंजराच उघडायला हवा. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं? तोंडात पाणी ओतायचं का?

ओतायचं नाही. शुद्ध हरपलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

न थांबणारी धाप, चिकट लाळ, विटेसारख्या लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी. एवढं दिसलं की वाट बघू नका. सावलीत आणा, माठाचं किंवा बोअरचं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर, मानेवर सतत ओता आणि वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही मिळून काम करतात. ओला टॉवेल पांघरून सोडून देऊ नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. बर्फात बुडवायची गरज नाही. शुद्धीवर असेल तर पाणी पुढं ठेवा, त्याला हवं तेवढं पिऊ द्या. आधी गार करा, मग गाडीत घाला. तालुक्याचा दवाखाना वीस किलोमीटर असेल तर गरम जनावर रस्त्यातच जातं. पशुसंवर्धनच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. जनावर उठून शेपटी हलवायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होतं.

मृगाचा पाऊस पडला. आता माठ काढायचे का?

पहिल्या सरीनंतर ऊन पुन्हा तापतं आणि तिथंच घात होतो. हवा ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के झाली की ओल्या कापडातला थर्मामीटरही ३० च्या खाली उतरत नाही. म्हणजे तोच माठ, तीच जागा, आणि पाणी कोमट. धापेचंही तसंच होतं. दमट हवेत तोंडातलं पाणी उडत नाही, त्यामुळं ३६ च्या दमट दुपारी जाड अंगाचं, आखूड नाकाचं कुत्रं ४२ च्या कोरड्या दुपारपेक्षा जास्त तडफडतं. अशा दिवसांत माठावर विसंबू नका. बोअरचं ताजं पाणी दिवसातून तीनदा बदला, गोठलेली बाटली असेल तर ती सोडा, पंखा लावा. झड लागून हवा खरोखर गारवली की मातीची भांडी काथ्यानं घासा, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा दोन दिवस वाळवा आणि माळ्यावर पालथी घाला. ओली ठेवलीत तर बुरशी धरते आणि पुढच्या चैत्रात पुन्हा कुंभाराचं दार गाठावं लागतं.